मुदत पाळणे हाही न्यायाचाच भाग

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली जाते. परंतु पायरी चढावी की न चढावी, हे नेहमीच माणसाच्या हाती नसते. थकलेले कर्ज, मित्रासाठी केलेली जामीनकीची सही किंवा वडिलोपार्जित घराची वाटणी, अशा कोणत्याही कारणाने एके दिवशी बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहतो. त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते.

दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, याचा दोष बहुधा न्यायालयांच्या माथी मारला जातो. न्यायाधीशांची संख्या अपुरी आहे, हे खरेच. तथापि बराचसा काळ समन्स बजावण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात खर्ची पडतो, आणि तो पक्षकारांच्याच हातून निसटलेला असतो.

समन्स नाकारले म्हणजे दावा टळला, असा एक समज समाजात रूढ आहे. तो घातक आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ अन्वये प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिल्याची नोंद आल्यास न्यायालय ते रीतसर बजावले गेले असे जाहीर करू शकते. बेलिफ समन्सची प्रत घराच्या दारावर चिकटवूनही बजावणी करू शकतो. दार लावून घेणाऱ्याच्या पदरी शेवटी एकतर्फी हुकूमनामा पडतो. तो रद्द करून घ्यावयाचा, तर अर्जासाठी मुदत अवघी तीस दिवसांची. समन्स मुळातच रीतसर बजावले गेले नसेल, तर हे तीस दिवस हुकूमनामा समजल्यापासून मोजले जातात. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही अवस्था होय.

समन्स मिळाल्यावर कैफियत तीस दिवसांत दाखल करावयाची असते. न्यायालय कारणे नमूद करून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. ही तरतूद २००२ पासून अमलात आली. मात्र सामान्य दाव्यांत ती मार्गदर्शक असून अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढेही सवलत देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. व्यावहारिक भाषेत अपवादाचा नियम व्हावयास वेळ लागत नाही. व्यापारी वादांसाठी २०१५ मध्ये झालेल्या कायद्याने म्हणूनच १२० दिवसांची पक्की सीमा आखली. ती ओलांडली की कैफियत देण्याचा हक्कच जातो, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केले. हा कठोरपणा काहींना जाचक वाटेल. परंतु एका पक्षाला दिलेली प्रत्येक सवलत दुसऱ्या पक्षाच्या आयुष्यातून वजा होत असते, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

शिस्तीचा हा धडा केवळ ऋणकोसाठी नाही. धनकोसाठी तो अधिकच आहे. साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत दाखल व्हावा लागतो. मुदतीचा कायदा, १९६३ अपिलास उशीर झाल्यास पुरेशा कारणासाठी क्षमा करतो. दाव्याला ती क्षमा नाही. प्रतिवादीने आक्षेप घेतला नाही, तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. ती तीन वर्षे संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून कर्ज लेखी कबूल केले, तर मुदत नव्याने सुरू होते. शाखेतील कर्मचाऱ्याने वेळेवर घेतलेला एक कागद ठेवीदारांची रक्कम वाचवितो. समन्स न बजावता परत आल्यावर सात दिवसांत नवे समन्स मागितले नाही, तर त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा निकाली निघू शकतो. पत्ता अचूक नोंदविणे हे काम वरकरणी क्षुल्लक भासते. प्रत्यक्षात त्यावर सारी वसुली अवलंबून असते.

संस्था मोठी असल्याने तिची फाईल टेबलाटेबलांवरून हळूहळूच फिरते, ही सबब आता चालत नाही. टपाल खात्याने ४२७ दिवस उशिरा आणलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विलंब माफ करण्यास नकार दिला. मुदतीचा कायदा शासनासही बांधील आहे, असे न्यायालयाने त्यावेळी स्पष्ट केले. जी बँक ग्राहकाला हप्त्याची तारीख चुकू देत नाही, तिने न्यायालयाकडे स्वतःसाठी तारखा मागत राहणे शोभणारे नाही.

ग्राहकाने पत्ता बदलताच शाखेस कळवावे, समन्स आल्यास ते स्वीकारावे आणि त्याच आठवड्यात वकिलाची गाठ घ्यावी. शाखेने कर्जखात्यांच्या मुदतींची नोंदवही अद्ययावत राखावी. ह्यासाठी ना नवा कायदा हवा, ना मोठा खर्च. कोर्टाची पायरी टाळता आली नाही, तरी तिथे वेळेवर पोहोचणे प्रत्येकाच्या हाती असते. शहाणपण आता त्यातच आहे.