सावलीलाही उजेड हवा

गाझियाबादमधल्या इंदिरापुरम-वैशालीच्या उंच इमारतींत राहायला आलेली मराठी कुटुंबं आधी तुळस लावतात आणि मग नर्सरी गाठतात. बाल्कनी उत्तरेची आणि समोर दुसरा टॉवर, असं सांगितलं की विक्रेता पीस लिलीची कुंडी पुढे करतो. ‘छाया में चलेगा.’ कुंडी पांढऱ्या फुलांनी भरलेली असते. महिना-दीड महिन्यात ती फुलं हिरवट पडून सुकतात आणि पुढे नुसती पानंच. घरातलं माणूस मग आपल्या हाताला गुण नाही म्हणून हळहळतं.

हाताचा दोष नसतो. मोठ्या रोपवाटिकांमध्ये पीस लिलीवर जिबरेलिक ॲसिड हे संप्रेरक फवारतात. त्याने दहा-बारा आठवड्यांत, ऋतू कोणताही असो, झाड फुलावर येतं. घरी आल्यावर त्या फवाऱ्याचा जोर ओसरतो. पुढची फुलं झाडाने स्वतःच्या कमाईवर धरायची असतात आणि ती कमाई उजेडाची. सावलीत झाड तगतं, पण अंधाऱ्या कोपऱ्यात ते फुलत नाही. विक्रेत्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं.

घरातल्या कोपऱ्यासारखी रानातली सावली वर्षभर सारखी नसते. सह्याद्रीतल्या पानगळीच्या जंगलात फाल्गुन-चैत्रात ऊन थेट जमिनीवर उतरतं. पावसाआधीच्या त्या दिवसांत भुईचाफा फुलतो. पान एकही नसतं, मातीतूनच पांढरी-जांभळी, सुवासिक फुलं वर येतात. पानं येतात ती नंतर, मागून जांभळट. वरचं छत दाटलं की गाळून येणाऱ्या उजेडावर ती कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरतात. हिवाळ्यात पानं वाळतात आणि कंद विश्रांती घेतो.

गाझियाबादच्या कुंडीत लावलेल्या भुईचाफ्याला आपण ही विश्रांती घेऊ देत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात माती कित्येक दिवस सुकत नाही, तरी पानं वाळलेल्या कुंडीत रोज तांब्याभर पाणी पडतं आणि कंद कुजतो. पुष्कळ घरांत ते पाणीही आरओ यंत्राने टाकून दिलेलं, क्षारांनी भरलेलं. पीस लिलीच्या पानांची टोकं करपतात, त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय इथली हवा. आयक्यूएअरच्या 2019च्या जागतिक अहवालात गाझियाबाद जगातलं सर्वांत प्रदूषित शहर ठरलं होतं, पीएम 2.5ची वार्षिक सरासरी होती घनमीटरला 110.2 मायक्रोग्रॅम. अशा हवेत पानांवर धुळीचा थर बसतो आणि आधीच तोकडा असलेला उजेड आणखी अडतो. पीस लिलीची पानं आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणं इथे खतापेक्षा मोलाचं आहे. युरियाचा हात तर आवराच, त्याने पानं माजतात आणि फूल राहून जातं. सकाळचं तासाभराचं कोवळं ऊन, मे-जूनच्या लूपासून आडोसा आणि मुळाशी ओल मिळाली, तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात सोनटक्का हे दुसरं कंदाचं झाडही उत्तर भारतात फुलतं.

याहून मोठी संधी इमारतींच्या आवारात वाया जाते आहे. कडुनिंबाच्या, सप्तपर्णीच्या खोडापर्यंत सिमेंटच्या फरशा भिडवलेल्या असतात आणि गळलेला पाला रोज सकाळी झाडून पोत्यात भरला जातो. सावलीतल्या कंदांना हवी असते ती नेमकी हीच कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत माती. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं. गाझियाबादच्या हिंडन नदीकाठच्या सोसायट्यांनी आदेशाची वाट न पाहता तेवढी जागा मोकळी करावी, पाला तिथेच कुजू द्यावा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भुईचाफ्याचे, सोनटक्क्याचे कंद लावावेत. खर्च फारसा नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा, आणि मंजूर होईपर्यंत मांडत राहा.