तापली की बंद, निवली की चालू

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आईला घेऊन मी पुण्याहून साताऱ्याला मावशीकडे निघाले होते. खंबाटकी घाट अर्धा चढून झाला आणि गाडीचं इंजिन बंद पडलं. धक्का नाही, धूर नाही, काही नाही. चालता बोलता माणूस वाक्याच्या मध्येच गप्प व्हावा तसं.

स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक एकदोनदा नेहमीसारखा लागला, मग पाय रोवून दाबावा लागला. (इंजिन बंद पडलं की ब्रेक जात नाहीत, त्यांना मिळणारी मदत जाते. हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही घरबसल्या वाचून घ्या.) मागे कंटेनर हॉर्न देत होता. कशीबशी डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकते केले. किल्ली फिरवली तर स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन काही पकडेना.

आई मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाली, "ओलं फडकं टाक त्याच्यावर."

बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी उन्हाळ्यात अशीच घाटात रुसायची. गरम झालेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, पंप वाफ ओढू शकत नसे, मग बाबा त्यावर ओलं फडकं टाकून चहा पीत बसायचे. मी आईला समजावलं, की आता पंप पेट्रोलच्या टाकीतच असतो, पेट्रोल दाबाखाली येतं, तो जुना आजार आता जवळजवळ नाहीच. आई "बरं" म्हणाली. चाळीस मिनिटांनी गाडी आपली आपण चालू झाली.

पुढचा महिनाभर काय झालं ते थोडक्यात सांगते. पहिल्या गॅरेजला मी म्हणाले, "गाडी स्टार्ट होत नाही." त्यांनी बॅटरी बदलली. दुसऱ्या गॅरेजने कॉम्प्युटर लावून पाहिला, त्यात एकही कोड सापडला नाही, तेव्हा स्पार्क प्लग बदलले, फिल्टर बदलला, आणि आठवड्याने परत गेले तर पेट्रोल पंपही बदलला. एकूण तेरा हजार आणि काही रुपये. प्रत्येक वेळी गाडी सकाळी गॅरेजमध्ये सोडायची, तिथे ती शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर मुलं बसतात तशी शहाण्यासारखी वागायची, आणि संध्याकाळी "झाली बघा ताई" म्हणून परत मिळायची.

पंप बदलल्यानंतर चौथ्या दिवशी कात्रजच्या नव्या बोगद्याच्या तोंडाशी ती पुन्हा बंद पडली. ह्यावेळी लेक शेजारी होती. आणि मी निर्धास्त होते, हेच वाईट. "दुरुस्त झालीये" असं मनात धरून मी मधल्या लेनमधून चालले होते. दुरुस्त झालेली नाही हे माहीत असतं तर त्या रस्त्याला गेलेच नसते. चुकीच्या दुरुस्तीत पैसे जातात ते जातातच, पण ती खोटा भरवसा देते त्याचं काय?

मग एका मैत्रिणीने तिसरा मिस्त्री सांगितला. पत्र्याची शेड, कडुनिंबाचं झाड, एक पोऱ्या हाताखाली. त्याने बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. "धक्के देत बंद पडते की एकदम?" एकदम. "नंतर स्टार्टर फिरतो?" फिरतो. "थंड गाडीला कधी झालंय?" कधीच नाही. "मग बॅटरी कशाला बदलली?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्याने गाडी उन्हात उभी करून, एसी लावून, इंजिन चालू ठेवलं आणि पेपर वाचत बसला. मला वाटलं, हा काम कधी सुरू करणार? पाऊण तासाने इंजिन बंद पडलं तेव्हा तो असा उठला, जणू त्याने बोलावलेला पाहुणा आला.

किल्ली फक्त ऑन करून मागच्या सीटखाली कान दिला. दोन सेकंद पंपाचा घूं आवाज आला. म्हणजे पंप चालतोय. एक जादा प्लग लावून स्टार्टर मारला. ठिणगी नाही. मग मला म्हणाला, "ताई, आता स्टार्टर मारा आणि आरपीएमचा काटा बघा." काटा शून्यावर. स्टार्टर इंजिन फिरवतोय, म्हणजे ह्या गाडीत काटा थोडातरी उचलायला हवा. पेट्रोल कधी सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे इंजिनचा कॉम्प्युटर क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडून येणाऱ्या खबरीवर ठरवतो. खबर आली नाही तर त्याच्या लेखी इंजिन थांबलेलंच आहे. मग तो दोन्ही बंद ठेवतो.

आणि मग त्याने काय केलं असेल? बाटलीतलं गार पाणी त्या बोटभर सेन्सरवर ओतलं. मिनिटभराने किल्ली फिरवली. गाडी चालू!

तेवढ्यावरही तो थांबला नाही. सेन्सर काढून मीटर लावला. गार असताना आतल्या तारेचं वेटोळं सलग दाखवत होतं. गरम केल्यावर मीटर म्हणाला, तार तुटलेली. केसासारखी बारीक तार, कुठेतरी तडकलेली, तापली की टोकं सुटत होती आणि निवली की पुन्हा टेकत होती. सेन्सर चौदाशे रुपये, तपासणी सहाशे.

घरी बिल पाहून नवरा म्हणाला, "सेन्सर बसवायला पंधरा मिनिटं लागली म्हणतेस, मग हे सहाशे कसले?"

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते आहे. खरं सांगते, तिथे उभी असताना क्षणभर माझ्याही मनात हेच आलं होतं. तेरा हजारांच्या नको असलेल्या पार्टसना मी हूं की चूं केलं नव्हतं, कारण डबा दिसत होता, जुना पार्ट पिशवीत घालून हातात मिळत होता. आणि ज्या दोन तासांनी प्रश्न सुटला, त्यांचेच पैसे खुपले. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे द्यायला कुरकुरतो. मग मिस्त्रीने विचार का करावा? त्याने पाऊणतास पेपर वाचत वाट पाहिली तर आपण त्याला आळशी म्हणणार, आणि पटकन पंप बदलला तर हुशार.

"सगळे मिस्त्री लुबाडतात" हे काकांचं मत मला मान्य नाही. पहिल्या दोघांपैकी कोणी लबाडी केली असं मला वाटत नाही. मी जेवढं सांगितलं त्यावरून त्यांनी केलेला अंदाज अगदीच वेडा नव्हता. "स्टार्ट होत नाही" हे अर्धं वाक्य होतं. उरलेलं अर्धं, "तापल्यावर, एकदम, आणि निवल्यावर होते", माझ्याकडे होतं आणि मी ते सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही आणि मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. डॉक्टरकडे आपण "बरं वाटत नाही" एवढंच सांगून थांबतो का? कधीपासून, काय खाल्लं, रात्री की दिवसा, सगळं पुराण सांगतो.

तेव्हा आता माझ्या गाडीत एक छोटी वही असते. बंद पडली तर किती वाजता, किती किलोमीटर चालल्यावर, टाकीत पेट्रोल किती, स्टार्टर फिरला की नुसतंच कट्ट वाजलं, काटा हलला का, किती वेळाने चालू झाली. आणि गॅरेजमध्ये आधीच सांगते, "काहीही बदलायच्या आधी ती तुमच्यासमोर बंद पडू दे. वेळेचे पैसे मी देईन." दोघातिघांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण एकाने खुर्ची दिली.

असो. आईला फोन करून सगळं सांगितलं. सेन्सर, तार, मीटर, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेवटी पाणीच ओतलं ना?"

हो गं बाई. ओतलं.