सैतानाचीं नखें

इंग्लंडांत लिंकनशायर, ग्लॉस्टरशायर या परगण्यांत शेत नांगरतांना बोटभर लांबीचे, करड्या रंगाचे, आंत वळलेले दगड वर येतात. त्यांच्या पाठीवरील आडव्या वळ्या पाहून तेथील खेडुतांनीं त्यांस 'सैतानाचीं नखें' हें नांव दिलें. ते खिशांत बाळगिल्यानें संधिवात होत नाहीं, अशीही पूर्वीं समजूत असे.

वस्तुतः हीं नखें नसून, सुमारें २० कोटी वर्षांपूर्वीं तेथील उथळ समुद्रांत राहणाऱ्या कालवांचे शिंपले होत. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लामार्क यानें १८०१ सालीं या नामशेष कुळास 'ग्रिफिया' असें नांव दिलें. त्याच्या शिंपल्याचें डावें दळ जाड व आंकड्यासारखें वळलेलें, तर उजवें लहानसें, निव्वळ झांकणासारखें असे. जड दळ तळच्या चिखलांत रुतून राही, आणि झांकण किंचित् उघडून प्राणी पाण्यांतील अन्नकण टिपून घेई.

१९२२ सालीं ट्रूमन या भूशास्त्रज्ञानें खालच्या थरांतील चपट्या कालवांपासून वरच्या थरांतील वळणदार ग्रिफिया कसे झाले, याची क्रमवार मालिका मांडली. तीवरून कांहींनीं पुढचें अनुमान काढिलें: हें वळण पिढ्यानुपिढ्या वाढतच गेलें, अखेर आंकड्याचें टोंक झांकणावर टेकलें, शिंपला उघडेना, आणि कुळ आपल्याच वळणानें बुडालें. अति तेथें माती! घरांतील मुलांस सांगावयास याहून सोयीची नीतिकथा कोणती? आम्हांसही ती फार आवडली होती, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु दगडांची साक्ष निराळी निघाली. १९५९ सालीं हॅलम या भूशास्त्रज्ञानें ट्रूमनच्या मालिकेस हरकत घेतली. आणि पुढील अभ्यासांत असें दिसून आलें कीं, काळ लोटला तसे ग्रिफियाचे शिंपले अधिक न वळतां उलट मोठे व पसरट होत गेले. शिवाय जें कुळ कोट्यवधि वर्षें सुखानें नांदलें, त्यास आत्मघाताचा दोष तरी कसा द्यावा?

खेडुतांच्या सैतानास आम्ही हंसलों. पण विद्वानांच्या नीतिकथेवर विश्वास ठेवितांना आमची गत त्याहून फारशी निराळी नव्हती. उद्यां घरच्या मुलानें एखादा शिंपला हातीं आणून दिला, तर तात्पर्य सांगण्याची घाई न करितां, आधीं तो त्याच्यासह उलटसुलट करून नीट पाहावा, हें बरें.