स्वातीचा थेंब

दसऱ्याचे सोने लुटून झाले. गावोगावच्या देवळांतून निघालेले तरंग पुन्हा आपापल्या स्थानी विसावले. कोजागरीचे दूध चंद्राला दाखवून झाले आणि नवान्न पौर्णिमेला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दारावर बांधल्या गेल्या. आता सिंधुदुर्गातील घराघरांना वेध लागले आहेत ते दीपावलीचे. चतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडायचे, गोविंदाच्या नावाचा गजर करायचा आणि मग नव्या भाताच्या पोह्यांनी तोंड गोड करायचे, ही आपल्या मुलुखाची दिवाळी. ह्या पोह्यांची वाट मात्र आभाळाखालून येते. भात कापले जावे, वाळावे, झोडले जावे आणि मगच ते उखळात यावे, एवढी उसंत पावसाने दिली तर ही दिवाळी साजरी होते.

ह्याच दिवसांत मालवणच्या धक्क्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आम्हां काही मंडळींची पाठ समुद्राकडे आणि तोंडे पूर्वेकडे वळलेली असतात. पाहणाऱ्याला नवल वाटते. परंतु त्यामागे कारण आहे. मृगाचा पाऊस समुद्रावरून येतो, तो पश्चिमेचा. परतीचा पाऊस सह्याद्रीकडून येतो. दिवसभर आश्विनाचे ऊन तापते, दुपारी घाटमाथ्यावर ढगांचे डोंगर रचले जातात आणि सांजेला विजांच्या लखलखाटासह ते समुद्राकडे उतरू लागतात. घटका दोन घटका कोसळून तो मोकळा होतो, आणि पहाटे उठून पाहावे तर आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ, गवतावर दहिवर आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात एक कोवळा गारवा. थंडीची पहिली चाहूल ती हीच. तिच्यासाठी आम्ही कान टवकारून बसलेले असतो. कोणी पावसाच्या मापाची वही ठेवतो, कोणी पहाटेचे तापमान टिपतो, कोणी सीगल पक्ष्यांचा पहिला थवा कोणत्या दिवशी दिसला ते लिहून ठेवतो. लोक आम्हांस आभाळाचे वेडे म्हणतात, आणि ते आम्हांस मान्य आहे.

ह्या वेडाला आपल्या परंपरेत मोठे कुळ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे पात्र ठेवण्यास सांगितले आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची प्रमाणेही दिली आहेत. अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या पावसाला मात्र त्याने आकडा न देता तो अमित म्हटला आहे. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या आचार्याची अडचण समजेल. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेपासून पर्जन्याच्या मापापर्यंत कित्येक अध्याय खर्ची घातले. आभाळाकडे पाहणे, पाहिलेले टिपणे आणि त्याचा लोकांना उपयोग करून देणे, हे ह्या देशात विद्वानाचे कर्तव्य मानले गेले होते. ह्यांतील शेवटचा भाग आम्ही एकदा विसरलो. आजचा हा लेखप्रपंच त्यासाठीच आहे.

गोष्ट 2019 च्या दिवाळीची. त्या वर्षी मोसमी पाऊस हटता हटत नव्हता. राजस्थानातून तो 9 ऑक्टोबरला परतू लागला, इतक्या उशिरा परतीचा प्रवास सुरू झाल्याची पूर्वी नोंद नव्हती, आणि 16 ऑक्टोबरला तो साऱ्या देशातून परतल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. आम्ही वहीत तशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी कुंपणापाशी उभे राहून विचारते झाले, "काय वो भाऊनू, पाऊस गेलो मां? भात कापूक घेऊ?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "गेला, गेला. खुशाल कापा."

त्यांनी भात कापले. कुणग्याकुणग्यांतून सोनेरी मुठी वाळत पडल्या. आणि आठवडा पुरा होण्यापूर्वीच पूर्व-मध्य अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र जोर धरू लागले. त्याचेच पुढे ‘क्यार’ वादळ झाले. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, 27 ऑक्टोबरला होते, आणि त्याच दिवशी क्यार हे महाचक्रीवादळ बनले. 2007 च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्राने एवढे प्रबळ वादळ पाहिले नव्हते. त्याने आपल्या किनाऱ्यावर पाऊलही ठेवले नाही, ते पश्चिमेकडे दूर निघून गेले. परंतु जाताजाता त्याने देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवर उधाण चढवले आणि ऐन कापणीत पावसाने भात आडवे केले. ते विरण्यापूर्वीच ‘महा’ नावाचे दुसरे वादळ त्याच समुद्रात उठले. शेजाऱ्यांच्या कुणग्यातील मुठी पाण्यात तरंगल्या आणि दाण्यांना तिथल्या तिथे कोंब फुटले.

आता आमची खरी चूक सांगतो. मोसमी वारे परतणे वेगळे आणि पाऊस संपणे वेगळे, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र तापलेला असतो, वारे मंदावलेले असतात आणि हाच वादळांचा दुसरा हंगाम असतो, हे आम्ही कितीदा तरी वाचले होते. त्या आठवड्यात हवामान खात्याचे इशारेही येत होते. आम्ही ते रोज वाचत होतो, नकाशे पाहत होतो, वादळाचा डोळा केव्हा उघडतो याची चर्चा धक्क्यावर रंगवत होतो. चार पावले चालून शेजारच्या अंगणात जाऊन "दादा, भात उचला, घरात घ्या," एवढे सांगण्याचे आम्हांला सुचले नाही. आम्ही दिवाळीत वादळाचा देखावा पाहिला. त्यांच्या घरी त्या दिवाळीला विकतचे पोहे आले. नंतर आम्ही ओशाळून भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, "देवाची मर्जी, भाऊनू. तुमचो काय दोष?" त्यांच्या ह्या मोठेपणाने आम्ही अधिकच खजील झालो. देवाची मर्जी खरीच. परंतु तिची वर्दी आमच्या हाती आधी आली होती आणि ती आम्ही आमच्यापाशीच ठेवली होती.

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला तर त्याचा मोती होतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तोच थेंब कापलेल्या भातावर पडला तर त्याचे काय होते, हे कोकणातील शेतकरी जाणतो.

येथे काही धर्मनिष्ठ वाचक विचारतील, की पंचांग असताना हवामान खात्याकडे पाहण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आदराने दिले पाहिजे. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन दिलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येस 9 ने भागावे आणि उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव वा हत्ती ठरवावा, असा तो संकेत आहे. बेडूक, म्हैस, हत्ती आले की आपले वडीलधारे पावसाची आशा धरीत. परंतु हे गणित साऱ्या देशाला एकच उत्तर देते. हत्ती मालवणलाही तोच आणि मराठवाड्यातल्या कोरड्या शिवारातही तोच.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. अयनचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. वराहमिहिराच्या काळापासून पंधराशे वर्षे लोटली, म्हणजे सुमारे एकवीस दिवसांचे अंतर पडले. आज सूर्य हस्तात प्रवेश करतो तो 27 सप्टेंबरच्या सुमारास. त्या काळी ऋतुमानाप्रमाणे तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात करीत असे, जेव्हा पावसाळा भरात असे. आज 24 ऑक्टोबरच्या सुमारास लागणारी स्वाती तेव्हा ऑक्टोबरच्या आरंभी लागे. नक्षत्रे तीच राहिली, त्यांच्याखालचा ऋतू बदलला. लोकमान्य टिळकांसारख्या धर्माभिमानी पुरुषाने पंचांग आकाशाशी ताडून शुद्ध करावे असा आग्रह धरला होता, तो काही पंचांगावरील अश्रद्धेपोटी नव्हे. तिथी, वार, सण आणि व्रते यांसाठी पंचांग आम्हांस प्रमाण आहे व राहील. उद्या दुपारी भात उघड्यावर ठेवावे की नाही, हा प्रश्न मात्र त्याला विचारू नये. तो भार त्याच्यावर टाकणे हाच त्याचा अवमान होय.

हवामान खात्याच्याही तारखा काही दगडावर कोरलेल्या नाहीत. 1875 साली स्थापन झालेल्या ह्या खात्याने 2020 मध्ये आपल्या जुन्या तारखा तपासून बदलल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरची 17 सप्टेंबर झाली, आणि मुंबईची 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर. पाऊस उशिरा परततो आहे, असे मोजमापानेच सांगितले आणि शास्त्रज्ञांनी ते नम्रपणे स्वीकारले. आमच्या मते ही वृत्ती श्रद्धेच्या विरुद्ध नसून तिला शोभणारी आहे. देवाने जे आभाळात लिहिले ते वाचायचे, आणि आपली पोथी चुकली तर पोथी दुरुस्त करायची.

किनाऱ्यावर तर हा प्राणांचा प्रश्न आहे. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले आणि अलिबाग व मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेली होती, पाऊस संपला असे सारेजण धरून चालले होते. समुद्रात गेलेले कोकणातील कित्येक मच्छीमार त्या वेळी परत आले नाहीत. नारळी पौर्णिमेला आपण सागराला नारळ देतो आणि शांत हो अशी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेला बंदरावरील तीन नंबरच्या बावट्याकडे पाठ फिरवण्याची मुभा नसते. बावटा चढलेला असताना सणासाठी चार पैसे अधिक मिळावेत म्हणून होडी लोटणे ही श्रद्धा नव्हे, आणि लोटणाऱ्याला न अडवणे हा शेजारधर्म नव्हे.

आंब्याच्या बागायतदारांचेही तेच. पाऊस वेळेवर थांबला, जमीन सुकली आणि थंडी पडली की हापूसला मोहोर येतो. पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी फुटते आणि सारा हंगाम पुढे जातो. आम्ही धक्क्यावर बसून ज्या थंडीची हौसेने वाट पाहतो, तिच्यावर देवगडच्या घराघरांचे वर्ष अवलंबून असते. आमच्या हौसेत त्यांची चिंता मिसळली, तरच त्या हौसेला काही अर्थ आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंती थोडकीच आहे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर घरातील एखाद्या मुलाने दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवावा. गावच्या देवळात जेथे तिथी-वार लिहिला जातो, तेथेच त्याखाली वादळ-पावसाचा इशारा खडूने लिहावा; देवळात आलेला माणूस तो वाचल्यावाचून जाणार नाही. ज्याच्या हाती बातमी आधी येते त्याने ज्याच्या हाती कोयता आहे त्याच्याकडे चालत जावे. कापणी सुरू असता इशारा आला, तर सणाची कामे घटकाभर बाजूला ठेवून ज्याचे भात उघड्यावर आहे त्याच्या मदतीला आळीने जावे. त्या दिवशी ओल्या मुठी उचलून पडवीत आणल्या, तर लक्ष्मीपूजन तिथेच अर्धे झाले असे समजावे. भात हीच आमच्या मुलुखाची पहिली लक्ष्मी.

आमच्यापुरते सांगायचे तर त्या दिवाळीपासून एक नेम चालू आहे. वहीत आकडा टिपला की आम्ही कुंपणापाशी जातो आणि शेजाऱ्यांना तो सांगतो. "पाऊस गेला" असे आता आम्ही म्हणत नाही; "पुढचे चार दिवस उघाड दिसते, पण नजर ठेवा," एवढेच म्हणतो. तेही हसून पूर्वेकडे बोट दाखवतात, कारण त्यांच्या सत्तर वर्षांच्या नजरेला घाटावरचा ढग आमच्या नकाशाआधी ओळखू येतो. दोघांचे मिळून बहुतेक वेळा बरोबर ठरते.

पाडव्याला श्री देव रामेश्वर-नारायणाची पालखी मालवणात निघेल, तेव्हा त्या चरणी आमचे एवढेच मागणे राहील: यंदाचा परतीचा पाऊस उडव्या रचून झाल्यावर पडो, थंडी मोहोर घेऊन येवो, समुद्रावर गेलेली प्रत्येक होडी दिवे लागण्यापूर्वी किनाऱ्याला लागो, आणि आम्हां आभाळाच्या वेड्यांना आभाळाबरोबर शेजाऱ्याचे अंगणही पाहण्याची बुद्धी होवो.