स्कॅनर आमचा, व्हर्निअर बाबांचा

चिंचवडला आमच्या पार्किंगमध्ये एक बजाज चेतक उभी असते. बाबांची. १९७२ साली बाजारात आलेली ही स्कूटर इथेच आकुर्डीत बनायची. २०२० मध्ये चेतक परत आली, पण विजेवरची. तिचे पार्ट आमच्या म्हातारीच्या काय कामाचे?

गेल्या महिन्यात हँडलवरच्या स्विचचं कव्हर तुटलं. नाना पेठेत डुप्लिकेट मिळालं, पण स्क्रूची भोकं जुळेनात. 'चालवून घ्या' म्हटलं की बाबा चिडतात. भोसरीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलीयत त्यांनी!

मग एन्ट्री झाली तळवड्यातल्या माझ्या आयटीवाल्या मित्राची. पठ्ठ्याने चांगल्या मोबाइलच्या किमतीत थ्रीडी स्कॅनर घेतलाय. फंडा सोपा आहे. स्कॅनर वस्तूवर प्रकाशाची नक्षी टाकतो, चढउतारावर ती वाकते, कॅमेरा ते टिपतो आणि स्क्रीनवर लाखो बिंदूंचं मॉडेल उभं राहतं. एकेकाळी या कामाच्या मशीनला लाखो रुपये मोजावे लागायचे.

पण काळं चकचकीत प्लॅस्टिक स्कॅनरला दिसेचना. मित्राने त्यावर पांढरा स्प्रे मारला. बाबा एकदम खुलले. "अगं, वेल्डिंगमधली क्रॅक शोधायला आम्हीही अशीच पांढरी पावडर मारायचो."

थोड्या वेळात मॉडेल तयार. मी जाम खूश! बाबांनी मात्र कपाटातून व्हर्निअर काढला. रिटायर झाल्यापासून ती पेटी उघडलीच नव्हती. "भोक किती दाखवतंय?" स्क्रीनवर ४.७ मिलीमीटर, व्हर्निअरवर ५. खोल भोकात प्रकाश नीट पोचत नाही, धारदार कडा गोलसर होतात आणि उरलेली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. स्कॅन म्हणजे वस्तूचा फोटो, ड्रॉइंग नव्हे. मग बाबा एकेक माप सांगत गेले आणि मित्र कॅडमध्ये भोकं नव्याने काढत गेला. तुटून हरवलेला कोपरा तर बाबांनी आठवणीने कागदावर काढून दिला.

पहिला प्रिंट ढिला झाला. दुसरा बसला, पण साध्या पीएलएचा होता. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या स्कूटरवर कसं टिकणार? तिसरा एएसएमध्ये काढला. तुम्हीही हा उद्योग करणार असाल तर कव्हर, नॉब, झाकणं यांवरच हात साफ करा. ब्रेकच्या पार्टशी असले प्रयोग नकोत, बॉस.

रविवारी बाबांनी किक मारली, बटण दाबलं. हॉर्न वाजला! वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले. म्हटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, "अहो, आमच्या मिक्सरचा नॉब होईल का?"

बाबांनी उत्तर द्यायच्या आधी व्हर्निअर खिशात टाकला.