आधी दळण, मग मशीन

आमची थोरली मुलगी एका कॉफीच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर उभी राहून ती लोकांना एस्प्रेसो करून देते. एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, घरी एक मशीन घेऊ या. हात बसला तर वरची जागा मिळेल. हप्ते मी भरीन."

मशीन पंचवीस हजारांचे. जूनमध्ये धाकट्याची कॉलेजची फी. सौ.नी आमच्याकडे पाहिले, कारण घरचा हिशेब आमच्याकडे. 'नाही' म्हणणे सोपे होते. पण मुलीला आपल्या कामातले शिकायचे होते. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन तिच्याकडूनच सारे समजून घेतले.

साधारण 18 ग्रॅम बारीक पूड घट्ट दाबायची, तिच्यातून नव्वद अंशांपुढचे गरम पाणी सुमारे 9 बार दाबाने ढकलायचे आणि 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी काढायची. ही एस्प्रेसो. खोक्यावर '15 बार' छापलेले असते, तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. त्यापायी जादा पैसे मोजू नयेत.

खरी मेख दळणात आहे. पूड जाडी राहिली की पाणी भसकन निघून जाते आणि कॉफी आंबट लागते. फार बारीक झाली की थेंब थेंब गळते, कडू होते. मिक्सरचे पाते दाणे नुसते फोडते. थोडा भुगा, थोडे तुकडे, वर मसाल्याचा वास. त्यासाठी दातेरी चकत्यांचा ग्राइंडर लागतो. आमच्या आईच्या जात्यात दोन दगडांमध्ये दाणा दळला जाई, तसाच हा. फक्त चकत्यांमधले अंतर हवे तसे कमी-जास्त करता येते.

"मग आधी जाते की मशीन?" आम्ही विचारले. मुलगी हसली. उत्तर तिला ठाऊकच होते.

एस्प्रेसोइतके बारीक दळणारा हातग्राइंडर आणि गॅसवर ठेवायचे मोका पॉट, दोन्ही मिळून साडेसहा हजारांत रोखीने आणले. हे भांडे 1933 साली इटलीत निघाले. त्यात दाब एक-दोन बारच, म्हणून ही खरी एस्प्रेसो नव्हे, हे मुलीने पहिल्याच दिवशी बजावले. पण दाण्याची आणि दळणाची पारख घरी होऊ लागली.

ज्यांच्या घरी स्वस्तातले मशीन आहे, त्यांनी ते लगेच बदलू नये. त्याच्यासोबत बहुधा दुहेरी तळाची गाळणी येते. ती तयार पुडीवरही फेस आणते, त्यामुळे दळणातला दोष झाकला जातो. आधी ग्राइंडर घ्यावा, मग साधी गाळणी, मशीन शेवटी. दाणे थोडे आणावेत आणि भाजल्याची तारीख पाहून आणावेत.

धाकट्याची फी वेळेवर भरली. मशीनचा हप्ता मुलगी आता दरमहा बँकेत स्वतःच्या खात्यात टाकते. रक्कम पुरी झाली की मशीन येईल. वाचकहो, हप्ता भरायचाच तर आधी स्वतःकडे भरावा. मग वस्तू घरात येते तेव्हा ती खरोखर आपली असते.