कुणाचं देणं असेल तर सांगा

हिवाळी अधिवेशन आलं की धंतोलीत यशवंत स्टेडियमजवळ धरण्याचे मंडप पडतात. राज्यावर कर्ज किती, असं विचारणारा मंडप मला तिथे कधी दिसला नाही. डिसेंबर 2024 च्या अधिवेशनात 35 हजार 788 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. टपरीवर चर्चा मात्र मंत्रिपद कुणाला मिळालं याचीच.

2025-26 च्या अर्थसंकल्पातल्या अंदाजानुसार मार्च 2026 पर्यंत राज्याचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार. माणशी साधारण सत्तर हजार. हे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत आहे, असं सरकार म्हणतं, आणि ते खरंही आहे. पण महसुली तूटच 45 हजार कोटींहून जास्त. म्हणजे उसनवारी नुसती रस्ते-धरणांसाठी नाही, रोजचा खर्च भागवायलाही आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले घाईत उरकलेल्या कामाला 'टेक्निकल डेट' म्हणतो. ते निस्तरतो नंतर रुजू झालेला पोरगा.

व्याज, पगार, पेन्शन थांबवता येत नाही. कात्री लागते ती वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला, महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाला. तरी आपण म्हणतो, हा आपला विषय नाही.

आपल्याकडे जनाज्याच्या नमाजआधी मुलगा उभा राहून सांगतो, अब्बांकडे कुणाचं देणं असेल तर मला सांगा. राज्याच्या देण्यासाठी पुढे आपल्यालाच उभं राहायचंय. येत्या डिसेंबरात निवेदन लिहाल तेव्हा मागणीखाली एवढं विचारा: पैसा कुठून आणणार, आणि कर्ज काढलंत तर ते किती वर्षांत फेडणार?